अश्खेनचा रांजण

जुल्फ्यात दारूडा कुणी नव्हता. निदान गल्लीचं तरी तसं ठाम मत होतं. दारूडे असतात ते पुलापलीकडे, इराणच्या इस्फहान शहरात. त्यांना कायद्याने बंदी, म्हणून ते बिचारे चोरून पितात, घाईघाईत पितात, मिळेल ते पितात आणि मग वाहवत जातात. आपलं तसं नाही. आपण आर्मेनियन. आपण चर्चमधून येतो, टेबलावर पांढरी चादर अंथरतो, बायकामुलांच्या देखत प्याला उचलतो, गेलेल्यांची आठवण काढतो आणि मग पितो. आपल्याला सरकारची मुभा आहे, देवाचीही आहे. एवढी सगळी व्यवस्था असताना माणूस दारूडा होईलच कसा, असा गल्लीचा सवाल होता, आणि त्याचं उत्तर शोधायची कुणाला गरज वाटत नव्हती.

म्हणून ऑगस्टातल्या त्या रविवारी, द्राक्षांना आशीर्वाद द्यायच्या दिवशी, झावेनच्या हातून परात पडली तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगून टाकलं, की त्याला ऊन लागलं.

परात मानाची होती. वर्षाची पहिली द्राक्षं तिच्यातून वेदीपाशी जायची, आणि फादरनी त्यांच्यावर क्रूस धरल्याखेरीज जुल्फ्यात कुणी द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकत नसे. ती उचलायचा मान झावेनच्या घराण्याचा. आधी त्याचे वडील उचलायचे, ते हृदयाच्या विकाराने गेले म्हणतात, मग हा. झावेन म्हणजे मोटारींचा मेकॅनिक. त्याच्या हाताखालून गेलेलं इंजिन पुन्हा कुरकुरत नाही, असं पुलापलीकडचे लोकही सांगायचे. आणि त्या दिवशी त्याच माणसाचे हात असे थरथरायला लागले, की परातीच्या कड्या खणखणू लागल्या. वेदी जवळ आली आणि परातच निसटली. द्राक्षं फरशीभर घरंगळली. लोक गोळा करायला वाकले. गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीचं कारण सर्वांच्या आधी ठरवून मोकळी होणारी सिरानुश मावशी म्हणाली, "ऊन लागलं हो त्याला. सकाळपासून पोटात काही नसेल."

"नव्हतंच," झावेनची बायको अश्खेन म्हणाली.

हे खरं होतं. तिने त्या सकाळी स्वतःच त्याची बाटली लपवली होती. चर्चला जायचंय, आजच्या दिवस तरी तोंडाला वास नको, एवढाच तिचा विचार. सकाळचा घोट पोटात गेला नाही की हात असे नाचतात हे तिला ठाऊक होतं, पण परात डोक्यात आली नाही. घरी येईपर्यंत ती स्वतःला दोष देत राहिली. घरी आल्यावर मात्र ती नवऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. इथल्या नाही. पुलापलीकडच्या."

पुलापलीकडच्या डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. यकृत सुजलंय म्हणाला. दवाखान्यात ठेवून घेतो, हात थांबतील म्हणाला. "पण त्यानंतर एक घोटही नाही. पुढच्या खेपेला अशाच अवस्थेत आलात तर माझ्याकडे द्यायला काही नसेल." गल्लीला सांगितलं, पोटाचं दुखणं आहे. झावेन घरी आला तेव्हा हात थांबले होते, माणूस निम्मा झाला होता. त्याने स्वतःहून फडताळातल्या बाटल्या मोरीत ओतल्या. अश्खेन पाणी घालत उभी राहिली.

सप्टेंबरात थोरल्या दिराची, हामोची गाडी दारात येऊन थांबली. मागे द्राक्षांच्या पाट्याच पाट्या.

"अश्खेन, ये गं बाहेर," हामो ओरडला. "या वर्षीचा माल बघ. साखर नुसती."

हामोची बाग शहराबाहेर, आणि रांजण अश्खेनच्या तळघरात. अर्धा जमिनीत पुरलेला, पुरुषभर उंचीचा तो मातीचा रांजण तिच्या आईकडून आलेला. दर वर्षी हामोची द्राक्षं आणि अश्खेनचा हात. नाताळच्या दिवशी चर्च सुटलं की गल्लीची पावलं याच घराकडे वळायची, रांजणाचं झाकण फुटायचं आणि पहिला घोट घेऊन माणसं डोळे मिटायची. वेदीवरसुद्धा तिच्याच हातची वाइन जायची. अश्खेनला मूल नव्हतं, शिक्षण बेताचं, दिसायलाही चारचौघींसारखी. पण "अश्खेनचा हात" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही गप्प व्हायच्या. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

"या वर्षी राहू दे भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांचं पोट अजून ठीक नाही. घरात धावपळ कशाला."

हामोने पाटी खाली ठेवली. "पोट त्याचं, रांजण तुझा. त्याच्या पोटात घालायचा आहे का रांजण?" मग त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "का गं? दुसरं काही आहे का?"

'दुसरं काही' म्हणजे काय हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. आता नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल: अश्खेनने रांजण भरला नाही, म्हणजे झावेनचं काहीतरी आहे.

"दुसरं काय असणार," ती म्हणाली. "आणा आत."

द्राक्षं तुडवली गेली, रस रांजणात गेला, तोंडावर कापड बांधलं. चार दिवसांत घरभर वास भरला. ज्यांना त्याची सवय नाही त्यांना तो गोड वाटतो, आंबट वाटतो, आणि ते विसरून जातात. झावेन तो विसरू शकत नव्हता. तो पहाटे गॅरेज गाठायचा, जेवायलाही तिथेच थांबायचा. गुरुवारी पुलापलीकडे जायचा. डॉक्टरने पत्ता दिला होता. दारू सोडलेली माणसं एका जुन्या शाळेच्या खोलीत जमायची, आपापलं सांगायची.

पहिल्या गुरुवारी तो हसतच परतला. त्याला हसताना तिने किती दिवसांनी पाहिलं होतं.

"सगळे माझ्याकडे बघतच राहिले," तो म्हणाला. "एक जण म्हणतो, उस्ताद, तुम्हाला तर परवानगी आहे, तुम्ही कशाला सोडताय? दुसरा म्हणतो, आयुष्यभर तुमच्या गल्लीतली पिऊन मी इथवर पोचलो, आणि आता तुम्हीच इथे येऊन बसलात? मग आम्ही जायचं कुठे?"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मला परवानगी होती म्हणून कुणी थांबवलं नाही. तुम्हाला निदान पोलीस तरी होते." त्याने कोट काढून खुंटीला लावला. "तिथे उभं राहून एक वाक्य म्हणावं लागतं. माझं नाव झावेन. मी दारू..."

अश्खेनने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "खिडकी उघडी आहे," ती म्हणाली.

त्याने तिचा हात हळूच बाजूला केला आणि खिडकी लावली. वाक्य मात्र पुन्हा म्हटलं नाही.

एका दुपारी ती बाजारातून लवकर आली. तळघराचं दार उघडं होतं. झावेन शेवटच्या पायरीवर बसला होता, हातात पत्र्याचा मग, मग कोरडा. रांजणाचं कापड मात्र एका बाजूने सुटलेलं होतं.

"प्यायलो नाही," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"दिसतंय मला."

"वास घ्यायला आलो होतो. गॅरेजमध्ये बसलो तरी येतो मला इथला वास. म्हटलं, एकदा जवळ जाऊन घेऊ, म्हणजे संपेल." तो पत्र्याचा मग त्याने तिच्या हातात दिला. "संपत नाही गं. तू आलीस म्हणून. नाहीतर आज गेलंच होतं."

तिने त्याला वर नेलं, चहा दिला, गॅरेजला पाठवलं. मग ती खाली गेली आणि रांजणापाशी बराच वेळ उभी राहिली. मोरीत ओतणं तिला शक्य नव्हतं. रिकाम्या रांजणाबद्दल हामोला काय सांगणार? आणि नवऱ्याचं नाव गल्लीच्या तोंडी जाऊ देण्यापेक्षा तिला जीव गेला तरी चाललं असतं. विचार करता करता तिचा हात रांजणाच्या काठावरून फिरत होता. आईने याच काठावर बोट ठेवून शिकवलं होतं: कापड घट्ट, मग झाकण, मग झाकणाभोवती माती. वारा आत गेला की वाइन मेली, तिचा शिरका, आंबट व्हिनेगर झाला. एवढं सांभाळलंस की बाकी सगळं द्राक्षं बघून घेतात.

अश्खेनने कापड काढून टाकलं. लोणच्याच्या बरणीतून जुना शिरका आणला, त्यावरची जाड साय, शिरक्याचं विरजणच ते, चमच्याने उचलली आणि अलगद रसावर सोडली. आईची तिने मनातल्या मनात क्षमा मागितली. दर दोन दिवसांनी ती खाली जाऊन ढवळत राहिली, वारा घालत राहिली. वास बदलला. नाताळ जवळ आला तेव्हा तिने नेहमीसारखं झाकण ठेवलं आणि माती लिंपली. लिंपताना ती रडली, पण माती एकसारखी बसली होती.

झावेन पुन्हा घरी जेवायला यायला लागला.

आर्मेनियनांचा नाताळ सहा जानेवारीला. त्या दिवशी चर्च सुटलं आणि घर भरलं. मासळी, हिरव्या पाल्याचा भात, पालेभाजीच्या वड्या, गोड पोळ्या. हामो, त्याची बायको, सिरानुश मावशी, शेजारपाजारचे. टेबलाच्या टोकाला झावेन, कारण गल्लीच्या कुठल्याही पंगतीचा तमादा तोच. तमादा म्हणजे पंगतीचा कारभारी. प्याला कुणाच्या नावाने उचलायचा ते तो ठरवणार, तो बोलणार, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी ओठ ओले करायचे नाहीत की त्याला अडवायचं नाही. मोठमोठे तोंडाळ लोक हा नियम पाळायचे. झावेनच्या पुढ्यात डाळिंबाचा रस होता. पोटाचं औषध चालू आहे, अश्खेनने दारातच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

हामोने झाकण फोडलं. सुरई भरून वर आली, प्याले भरले गेले, झावेनने गेलेल्यांच्या नावाने चार शब्द म्हटले, आणि सगळ्यांनी घोट घेतला.

सिरानुश मावशीचं तोंड असं आक्रसलं, की कुणाला हसू आलं असतं. एक शेजारी खोकला. हामोने प्याला उजेडात धरून पाहिला, पुन्हा चाखला.

"हा तर शिरका आहे," तो म्हणाला.

"बिघडली," अश्खेन म्हणाली. हे वाक्य ती सकाळपासून घोकत होती. "माझंच चुकलं. माती नीट लिंपली गेली नसेल."

"असू दे गं," मावशी म्हणाली. "वय होतं माणसाचं. हातसुद्धा म्हातारे होतात."

"तसं मागच्या वर्षीच जरा वाटलं होतं मला," हामोची बायको म्हणाली. मागच्या वर्षी तिने तीन बाटल्या घरी नेल्या होत्या.

"पाट्याच्या पाट्या द्राक्षं," हामो मान हलवत म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून आपण दुसरीकडे देऊ बुवा. वाईट वाटून घेऊ नकोस अश्खेन, पण फादरनासुद्धा आता दुसरीकडे बघावं लागेल."

अश्खेनने मान डोलावली. हे सगळं होणार हे तिला माहीत होतं. तिने मोजून मापून ते स्वतःवर ओढवून घेतलं होतं. तरी 'फादर' हा शब्द आला तेव्हा तिने हातातला घास खाली ठेवला. ती ताटातल्या माशाचे काटे काढत राहिली. काटे संपले तरी काढत राहिली.

"बरं, सण काही सुका जायला नको," म्हणत हामोने कोटातून बाटली काढली. बेदाण्याची दारू, घरीच गाळलेली, पाण्यासारखी नितळ. ती त्याने लहान पेल्यांत ओतत ओतत टेबलाच्या टोकापर्यंत आणली, झावेनच्या पुढ्यातला डाळिंबाचा रस सरकवला आणि तिथेही एक पेला ठेवला. "औषधबिवषध बस झालं आता. पोटाला हेच औषध. चल तमादा, बोल काहीतरी. अश्खेनच्या हाताच्या नावाने बोल. होता तोवर चांगला होता बिचारा."

लोक हसले, मोकळेपणाने, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी पेले उचलले आणि झावेनकडे पाहिलं.

झावेन उठला. अश्खेनला त्याच्या हाताशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. तो हात पेल्याकडे गेला, पेल्यापाशी थांबला. बेदाण्याचा वास तिच्यापर्यंत येत होता, म्हणजे त्याच्यापर्यंत किती येत असेल. तिने ओठ घट्ट मिटले. हात पेल्यावरून पुढे गेला आणि त्याने शेजारच्याच्या पुढ्यातला शिरक्याचा प्याला उचलला.

"दादा म्हणाला, अश्खेनच्या हाताच्या नावाने," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच, तमादाचा. "बरोबर आहे. पण हात बिघडलेला नाही. या हाताने रांजण मुद्दाम बिघडवला. मी पायरीवर मग घेऊन बसलो होतो, त्या दिवशी बिघडवला. वास बदलला तेव्हाच मला कळलं. दारूचा वास माझ्याइतका कुणाला कळणार? कळूनही मी गप्प राहिलो, कारण मला बरं वाटलं."

"झावेन," हामो म्हणाला.

"तमादा बोलतोय, दादा." झावेनने त्याच्याकडे पाहिलं. "माझं नाव झावेन. मी दारूडा आहे. ऑगस्टपासून प्यायलेलो नाही. परात उन्हाने पडली नाही. आणि आपले बाबाही हृदयाने गेले नाहीत. तुला ठाऊक आहे. तूच त्यांच्या उशाखालची बाटली काढून मला फेकायला दिली होतीस."

पेले उचललेलेच होते. तमादाचं संपल्याशिवाय प्यायचं नाही, आणि खाली ठेवायचे तर कसे, हेही कुणाला सुचेना. सगळे हात तसेच हवेत. अश्खेनला वाटलं आपण उठावं, त्याच्या तोंडावर हात ठेवावा. तिचे हात मांडीवरून हलले नाहीत. आणि तिला हेही कळलं, की ते हलावेत असं तिला वाटतच नाहीये.

"हिने तुमच्यासमोर आपलं नाव घालवलं," झावेन म्हणाला, "माझं राहावं म्हणून. मला नको ते. हा प्याला अश्खेनच्या हाताच्या नावाने. जुल्फ्यात याच्यासारखा दुसरा हात नाही." आणि त्याने तो शिरका तळापर्यंत पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं, पण प्याला त्याने हळूच खाली ठेवला.

सिरानुश मावशीला राहवलं नाही.

"ऊन लागलं असेल हो त्याला," ती म्हणाली.

"मावशी," झावेन म्हणाला, "जानेवारी आहे."

कोपऱ्यातला शेजारी फसकन हसला आणि लगेच ओशाळला. हामो हसला नाही. त्याने हातातल्या पेल्याकडे पाहिलं, त्यातली दारू बाटलीत परत ओतली. थोडी चादरीवर सांडली. मग त्याने भावाच्या पुढ्यातला पेला उचलला, तोही बाटलीत रिकामा केला, बूच घट्ट बसवलं आणि बाटली कोटात घातली. बाकीच्यांनी आपापले पेले जपून खाली ठेवले.

मग हामोने सुरई ओढली, स्वतःच्या प्याल्यात बोटभर शिरका घेतला आणि पाव बुडवून खाल्ला. सगळे बघत होते. तो सावकाश चावत राहिला.

"अश्खेन," तो म्हणाला. "शिरका चांगला झालाय गं. खणखणीत झालाय. लोणच्याला एक बाटली भरून दे मला."

"मलाही," मावशी म्हणाली. "माझी बरणी मोठी आहे."

अश्खेन सुरई घेऊन तळघरात उतरली. शेवटच्या पायरीवर, तो बसला होता तिथेच बसली आणि पदर नसलेल्या बायका रडतात तशी दोन्ही तळव्यांत तोंड घालून रडली. वरून खुर्च्या सरकल्याचा, ताटं वाजल्याचा आवाज येत होता. मग तिने डोळे पुसले, रांजणाच्या काठाशी वाकून एक थेंब जिभेवर घेतला. खरंच चांगला झाला होता. तिने सुरई बुडवली आणि आणखी कुणाकुणाला बाटल्या हव्यात ते खालूनच ओरडून विचारलं.